नवा फोन, भरलेलं घर: फजिती होण्याआधी बदलून घ्यायच्या सोयी

एका सोमवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘आनंद मेला रविवारी’. लिहिणाऱ्या काकूंना लिहायचं होतं ‘आनंद मेळा रविवारी’. पुढच्या रविवारी खाली पार्किंगमध्ये मुलांच्या खाऊचे आणि खेळांचे स्टॉल लागणार होते, त्याची ती आठवण होती. कीबोर्डनं ‘ळ’च्या जागी ‘ल’ बसवला आणि काकूंनी चष्मा न लावता मेसेज पाठवून दिला.

आमच्या ए विंगमध्ये आनंद नावाचा एक तरुण राहतो. तो तेव्हा कामासाठी पुण्याला गेला होता, दोन दिवस त्याचा फोन आला नव्हता, आणि त्याची आई घरी एकटी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी मेसेज वाचला आणि सरळ जाऊन तिचं दार वाजवलं. मुलाचा आवाज फोनवर ऐकू येईपर्यंत पाच-सात मिनिटं गेली. त्या वेळात त्या माउलीचं काय झालं ते मी जिन्यात उभा राहून पाहिलं आहे. मेसेज लिहिणाऱ्या काकू पुढे महिनाभर खाली बाकावर बसायला आल्या नाहीत. दोघींपैकी कुणाचीच चूक नव्हती.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात नव्यानं स्मार्टफोन हाती आलेल्यांना तो शिकवतो. येणारे बहुतेक निवृत्त, काही जणी मुलांनी जुना फोन दिला म्हणून आलेल्या. शिकवता शिकवता एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली. फोनमधली जवळपास प्रत्येक सोय असं गृहीत धरते की फोन हातात असलेला माणूस एकटा आहे. आपण एकटे कुठे असतो? लोकलमध्ये खांद्याला खांदा असतो, घरात दोन खोल्यांत पाच माणसं असतात, भिंतीपलीकडे शेजारी असतात आणि एका ग्रुपवर अख्खी सोसायटी असते. म्हणून फोन शिकताना मी फोटो कसा काढायचा इथून सुरुवात करत नाही. आधी काय झाकायचं, काय बंद करायचं, ते दाखवतो. त्याच क्रमानं इथे लिहितो आहे. सगळं एका दिवसात करू नका. दर रविवारी दोन पायऱ्या पुरेत.

पायरी १: भिंगाचं चिन्ह शोधा

प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये सेटिंग्जची मांडणी वेगळी असते. माझ्या फोनवर जे तिसऱ्या ओळीत आहे ते तुमच्याकडे आठव्या ओळीत असेल. म्हणून रस्ता पाठ करू नका. सेटिंग्ज उघडलं की वर भिंगाचं चिन्ह किंवा शोधायची पट्टी दिसते. तिथे ‘लॉक स्क्रीन’, ‘ब्लूटूथ’ असा शब्द टाका. फोन मराठीत असेल तर शब्द मराठीत, इंग्रजीत असेल तर इंग्रजीत. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत मी ‘सेटिंग्जमध्ये शोधा’ म्हणेन तेव्हा हेच करायचं आहे.

पायरी २: लॉक स्क्रीनवरचा मजकूर झाका

फोन कुलूपबंद असतानाही आलेला मेसेज पडद्यावर उमटतो. घाईत असलेल्या माणसाला ही सोय छान आहे. पण सकाळच्या फास्ट लोकलमध्ये तुमचा फोन शेजारच्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतो. पगार जमा झाल्याचा आकडा, डॉक्टरांचा निरोप, मुलीच्या स्थळाबद्दल मावशीनं लिहिलेलं मत, बँकेचा ओटीपी, सगळं तो वाचू शकतो. वाचायची इच्छा नसली तरी डोळे जातातच.

सेटिंग्जमध्ये ‘लॉक स्क्रीन’ आणि ‘नोटिफिकेशन’ शोधा. तिथे तीन पर्याय असतात: सगळं दाखवा, मजकूर लपवून फक्त मेसेज आल्याचं दाखवा, काहीच दाखवू नका. मधला निवडा. आयफोनमध्ये हाच पर्याय नोटिफिकेशनच्या ‘प्रिव्ह्यू’मध्ये सापडतो.

पायरी ३: कीबोर्डला आवर घाला

आनंदच्या आईच्या दाराशी जे घडलं ते टाळायला ही पायरी. वेळ घेऊन करा.

आपल्यातले बरेच जण इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहितात. इंग्रजीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर, ‘न’ आणि ‘ण’ यांनाही एकच. ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नसतो. कीबोर्ड अंदाज करतो आणि वरच्या पट्टीत दोन-तीन शब्द मांडतो. तुम्ही जागा सोडायची कळ दाबलीत की पहिला शब्द बसतो. तो तुमचाच असेल असं नाही. ‘वहिनी’ची ‘वाहिनी’ होते, ‘बाळ’चं ‘बाल’ होतं, ‘काल’चा ‘काळ’ होतो. ‘बाबा काल आले’ या साध्या निरोपाचं काय होऊ शकतं, ते तुम्हीच बघा.

वर्गात मी हे असं करून घेतो:

आधी सवय. शब्द टाइप करून झाला की जागा सोडण्याआधी वरच्या पट्टीकडे बघायचं आणि हवा तो शब्द बोटानं निवडायचा. सुरुवातीला वेळ लागतो. आठवड्याभरात हात बसतो.

मग कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जा. कीबोर्डवरच दातेरी चाकाचं चिन्ह असतं. तिथे ‘ऑटो करेक्शन’ बंद करा, पण ‘सजेशन’ म्हणजे सुचवणं चालू ठेवा. फोननं सुचवायला हरकत नाही. न विचारता बदलू नये, एवढंच. इंग्रजी कीबोर्डवर रोमन अक्षरांत मराठी लिहीत असाल तर हे आजच करा, कारण तो कीबोर्ड तुमच्या मराठी शब्दाला चुकलेला इंग्रजी शब्द समजतो आणि ‘दुरुस्त’ करतो.

नको असलेला शब्द पट्टीत पुन्हा पुन्हा येत असेल तर त्यावर बोट दाबून धरा आणि वर दिसणाऱ्या कचऱ्याच्या डब्यात ओढून टाका. गूगलच्या कीबोर्डवर हे चालतं. उलट तुमच्या घरातली नावं, गावाचं नाव, आडनाव हे ‘पर्सनल डिक्शनरी’त एकदा घालून ठेवलंत की फोन त्यांची मोडतोड कमी करतो.

शक्य असेल त्यांनी सरळ देवनागरी कीबोर्ड शिकावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात ‘ळ’ तुम्ही स्वतः निवडता. आमच्या वर्गातल्या एकाहत्तर वर्षांच्या आजी तीन आठवड्यांत शिकल्या. शाळेत पाटीवर मुळाक्षरं गिरवलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही.

बोलून लिहायची सोयही आहे, माईकचं चिन्ह दाबून. डोळ्यांना त्रास असणाऱ्यांसाठी ती खरोखर मोलाची आहे. फक्त दोन गोष्टी पाळा. मागे टीव्ही चालू असताना बोलू नका, कारण मालिकेतलं वाक्यही तुमच्या मेसेजमध्ये शिरतं. आणि बोलून झाल्यावर एकदा वाचा. माईक कधी कधी शेवटचा शब्द अर्धवट सोडतो. ‘येणार नाही’मधला ‘नाही’ गळला की समोरचा स्वयंपाक करून वाट बघत बसतो.

पायरी ४: व्हॉट्सॲप, पाठवण्याआधी आणि पाठवल्यावर

सगळ्यात जास्त रडारड इथली असते. बहुतेक वेळा कारण एकच असतं. निरोप बरोबर असतो, खिडकी चुकीची असते. शाळेच्या मित्रांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप आणि नातेवाइकांचा ग्रुप एकाखाली एक. तुम्ही लिहायला घेता तेवढ्यात नवा मेसेज येतो, यादी सरकते आणि बोट दुसऱ्याच ओळीवर पडतं. अशा सरकण्यातूनच आमच्या एका काकांची ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ श्रद्धांजलीच्या ग्रुपवर गेली. ज्यांचं माणूस गेलं होतं त्यांनी मोठ्या मनानं समजून घेतलं. पण काकांना आजही त्या घरासमोरून जाताना अवघड होतं.

पाठवण्याआधी: नेहमीच्या तीन खिडक्या यादीत वर टोचून ठेवा. नावावर बोट दाबून धरलं की वर टाचणीचं चिन्ह येतं. त्या यादीत वरच राहतात. प्रत्येक ग्रुपला वेगळा ठळक फोटो असू द्या, दोन ग्रुपना गणपतीचाच फोटो नको. आणि बाणाचं बटण दाबण्याआधी वरचं नाव वाचा, मनात नाही, ओठ हलवून.

पाठवल्यावर: इथे घाबरू नका, हाताशी वेळ असतो. मेसेजवर बोट दाबून धरा. नुसता शब्द चुकला असेल तर ‘एडिट’ करा. त्यासाठी पंधरा मिनिटं मिळतात. ही सोय २०२३मध्ये आली. दुरुस्त केलेल्या मेसेजखाली तसं लिहिलेलं दिसतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मेसेजच चुकीच्या ठिकाणी गेला असेल तर कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबा आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ निवडा. ही मुदत साधारण अडीच दिवसांची आहे.

नवखा माणूस नेमका इथेच फसतो. त्याच्याजवळ ‘डिलीट फॉर मी’ हाही पर्याय असतो. तो दाबलात तर मेसेज फक्त तुमच्या फोनवरून जातो. बाकी सगळ्यांकडे तो तसाच राहतो, आणि तुम्हाला तो दिसत नसल्यानं नंतर सगळ्यांकडून पुसताही येत नाही. घाईत तो दाबला गेलाच तर खाली काही सेकंद ‘अनडू’ असा शब्द दिसतो. तो लगेच दाबा. मेसेज परत येतो, मग नीट पुसा. हे वर्गात मी प्रत्येकाकडून मुद्दाम चूक करवून घेऊन शिकवतो. तुम्हीही घरातल्या कुणाला तरी एक फालतू मेसेज पाठवून दोन-तीनदा करून बघा. खऱ्या गडबडीत बोटाला रस्ता माहीत असायला हवा.

पुसण्याआधी आणखी एक काम. मेसेज दाबून धरलात की ‘इन्फो’ मिळतं. ग्रुपमध्ये कुणी कुणी वाचलं त्यांची नावं तिथे असतात. ती बघून ठेवा. मेसेज पुसला की ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी ओळ मागे उरते आणि लोक तर्क लढवत बसतात. ज्याला लागलं असेल त्याला लगेच फोन करा. मेसेज नाही, फोन. ‘माझ्याकडून चुकून गेलं, माफ करा’ एवढं बोललं की निम्मं ओझं उतरतं. आनंदच्या आईंना काकूंनी दुसऱ्याच दिवशी असा फोन केला असता तर तो महिना वाया गेला नसता. आम्ही कुणी त्यांना ते सुचवलं नाही, याची मला खंत आहे.

स्टेटसबद्दल थोडक्यात. ते चोवीस तास दिसतं आणि तुमचा नंबर ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांचा तुमच्याकडे आहे अशा सगळ्यांना दिसू शकतं. त्यात दूधवाले, प्लंबर, जुने साहेब, भाडेकरू सगळे आले. येऊरच्या बंगल्यावर दोन दिवस मुक्काम असेल तर तो फोटो घरी परतल्यावर लावा. स्टेटसच्या प्रायव्हसीत जाऊन कुणाला दाखवायचं ती यादी एकदा बनवून टाका. लाइव्ह लोकेशन, म्हणजे आपण आत्ता कुठे आहोत ते, पाठवताना पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास असे पर्याय येतात. पंधरा मिनिटंच निवडा, लागलं तर पुन्हा पाठवता येतं.

आलेला आवाजी मेसेज लोकलमध्ये कसा ऐकायचा हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तो सुरू करून फोन सरळ कानाला लावा. कानाजवळ गेला की आवाज लाउडस्पीकरऐवजी कानाच्या छोट्या स्पीकरमधून येतो. इअरफोन नसला तरी चालतं.

पायरी ५: तिसऱ्या घंटेआधी

मासुंदा तलावाच्या काठावर गडकरी रंगायतन उभं राहिलं ते १९७८मध्ये. तेव्हापासून ठाणेकर तिथे नाटक बघतायत, आणि गेली वीस-पंचवीस वर्षं फोनही ऐकतायत. फोन वाजला म्हणून कलाकारांनी प्रयोग थांबवल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. वाजवणारा प्रत्येक जण बेफिकीर असतो असं मला वाटत नाही. बऱ्याच जणांनी फोन ‘सायलेंट’ केलेला असतो आणि तरीही तो वाजतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांचं असंच झालं. रात्री नऊची रक्तदाबाची गोळी, तिचा गजर, आणि रंगमंचावर नेमकी शांतता. आजोबांचे हात असे थरथरायला लागले की त्यांना बटण सापडेना.

कारण समजून घ्या. फोनमध्ये आवाज तीन-चार वेगळे असतात: रिंग, गजर, गाणी-व्हिडिओ आणि बोलण्याचा. सायलेंट केलं की सहसा फक्त रिंग आणि मेसेजची टुणटुण थांबते. गजर चालूच राहतो. विमानाचं चिन्ह दाबलं तरी गजर वाजतो. ‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे ‘व्यत्यय नको’, लावलंत तरी त्यात एक सोय लपलेली असते. तोच माणूस थोड्या वेळात पुन्हा फोन करत असेल तर काहीतरी तातडीचं असेल असं समजून फोन वाजू दिला जातो. अँड्रॉइडवर ही वेळ पंधरा मिनिटांची, आयफोनवर तीन मिनिटांची. आणि दुसऱ्यांदा फोन कोण करतं? ‘उचलला का नाही’ म्हणून घरचेच.

म्हणून आत शिरण्याआधी, तिसरी घंटा व्हायच्या आत, हे करा: आवाजाचं बटण दाबा, पडद्यावर आलेल्या पट्टीतले तीन ठिपके किंवा चिन्ह दाबून सगळ्या पट्ट्या उघडा आणि गजराची पट्टीही खाली ओढा. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये ‘रिपीट कॉलर’ बंद करा. गोळीचा गजर तेवढ्यापुरता तास-दीड तास पुढे ढकलण्यापेक्षा मध्यंतराच्या वेळेवर आणा. फोन पूर्ण बंद करणं सगळ्यात सरळ, पण काही फोन बंद असतानाही गजर वाजवतात. तुमचा तसा आहे का ते घरी दोन मिनिटांचा गजर लावून, फोन बंद करून बघा.

पायरी ६: ब्लूटूथ

ही पायरी माझ्या घरची आहे.

आमच्या सोसायटीचा गणपती पार्किंगमध्ये बसतो. एका वर्षी आरतीची ध्वनिमुद्रणं मी माझ्या फोनवरून मंडळाच्या ब्लूटूथ स्पीकरवर लावली होती. विसर्जन झालं, स्पीकर माळ्यावर गेला, मी विसरलो. पुढच्या वर्षी स्पीकर पुन्हा लागला तेव्हा मी पहिल्या मजल्यावर माझ्या घरात होतो. माझी धाकटी बहीण बी विंगमध्ये राहते. तिनं मला आवाजी मेसेज पाठवला होता. गाठ निघाली आहे, बायोप्सी केली आहे, रिपोर्ट यायचा आहे, मुलांना इतक्यात सांगू नकोस. मी बटण दाबलं, आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. खाली आरतीला साठ-सत्तर माणसं उभी होती. तिची मुलगीही होती.

रिपोर्ट पुढे चांगला आला. पण त्या मुलीला आईच्या आजाराबद्दल लाउडस्पीकरवरून कळलं, आणि ते मला परत घेता येत नाही.

काय झालं होतं ते सांगतो. एकदा जोडलेलं उपकरण ब्लूटूथ लक्षात ठेवतं. दोन्ही चालू असतील आणि टप्प्यात असतील तर न विचारता पुन्हा जोडून घेतं. टप्पा साधारण दहा मीटरचा, मोठ्या स्पीकरचा कधी जास्त. मधली भिंत किंवा एका मजल्याचा स्लॅब त्याला पूर्ण अडवत नाही. रेडिओलहरीच त्या. गाडीतही हेच होतं: साहेबांना घेऊन निघालात, घरून फोन आला की आवाज गाडीभर.

आता ही कामं करा. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ उघडा. जोडलेल्या वस्तूंची यादी वाचा. जी वस्तू तुमची स्वतःची नाही, म्हणजे मंडळाचा स्पीकर, मेहुण्याची गाडी, हॉलमधला टीव्ही, तिच्या शेजारचं चिन्ह दाबून ‘फर्गेट’ किंवा ‘अनपेअर’ करा. काम झाल्या दिवशीच करा, पुढच्या वर्षावर ठेवू नका. स्वतःच्या गाडीसाठी अँड्रॉइडवर त्याच ठिकाणी ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ वेगवेगळे बंद करता येतात. गाणी चालू ठेवा, कॉल बंद ठेवा.

आयफोन वापरणाऱ्यांनी एक लक्षात घ्या: पडद्यावरून ओढून आणलेल्या चौकटीत ब्लूटूथचं बटण दाबलं तर ते पूर्ण बंद होत नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप पुन्हा जोडू लागतं. बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जाऊनच करा.

आणि बटण दाबूनही आवाज आला नाही तर दुसऱ्यांदा दाबू नका. थांबा, पडद्यावर ब्लूटूथचं चिन्ह आहे का बघा. मी थांबलो असतो तर खाली निम्मंच ऐकू गेलं असतं.

पायरी ७: फोन दुसऱ्याच्या हातात देताना

लग्नातला एक फोटो दाखवायला फोन दिला की बघणारा सवयीनं पुढचा-मागचा फोटो सरकवतो. त्यात रिपोर्ट असतात, पासबुक असतं, भांडणाचे स्क्रीनशॉट असतात. अँड्रॉइडवर ‘ॲप पिनिंग’ आणि आयफोनवर ‘गाइडेड ॲक्सेस’ शोधा. दोन्हीमुळे फोन एकाच ॲपमध्ये अडकून राहतो आणि बाहेर पडायला तुमचा कुलपाचा आकडा लागेल असं ठरवून ठेवता येतं. नातवाला कार्टून लावून देताना हे फार उपयोगी आहे, नाहीतर तो दोन मिनिटांत कुणाला तरी व्हिडिओ कॉल लावतो. फोटोसाठी मात्र सोपा मार्ग: तेवढेच फोटो निवडून वेगळा अल्बम करा आणि तो उघडून द्या.

पायरी ८: पॉवर बटण आणि ११२

फोन बंद-चालू करायचं बाजूचं बटण भराभर दाबलं, काही फोनमध्ये तीनदा, काहींत पाचदा, तर तो थेट आपत्कालीन ११२ला लागतो. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये २०१७पासून असं संकटबटण देणं सरकारनं बंधनकारक केलं आहे. गर्दीत पिशवीत दाबला जाऊन चुकून लागणारे कॉल सगळीकडेच होतात. २०२३मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनीही यासाठी लोकांना आवाहन केलं होतं.

ही सोय बंद करू नका. वर्गातल्या निम्म्या जणी दिवसभर घरी एकट्या असतात, त्यांच्यासाठी फोनमध्ये याहून मोलाचं काही नाही. सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी’ शोधा, कॉल लागण्याआधी काही सेकंदांची उलटमोजणी आणि मोठा आवाज चालू ठेवता येत असेल तर ठेवा. म्हणजे चुकून दाबलं गेलं तर कळेल. तरीही लागलाच तर कापू नका. कापला तर पलीकडच्यांना वाटतं, फोन कुणीतरी हिसकावला. शांतपणे सांगा: ‘चुकून लागला, मी सुखरूप आहे.’ मी हे वाक्य प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणवून घेतो, दोनदा.